जीपची सही जुळत नाही

बँकेच्या काउंटरमागे ज्याची वीस वर्षं गेली आहेत, त्याला दोन वाक्यं झोपेतसुद्धा म्हणता येतात. पहिलं, 'सिस्टिम बंद आहे', आणि दुसरं, 'सही जुळत नाही'. पहिल्यावर इलाज नसतो. दुसऱ्यावर असतो. हा दुसरा इलाज सरकारने मोटारींच्या बाबतीत का वापरू नये, एवढंच मला आज विचारायचं आहे. 'एवढंच' म्हणालो तरी चार-पाच पानं जातील. वाचकांनी टोकन घेऊन बाकावर बसावं.

आमच्या शाखेत वेल्ह्याकडचे एक आजोबा पेन्शनला येतात. खातं १९८५ सालचं. त्या वेळची सही अशी की दृष्ट काढावी. वळणदार अक्षर, खाली दोन रेघा, रेघांखाली दोन टिंबं. आताची सही म्हणजे शाईत पाय बुडालेली मुंगी वाट चुकून चेकवरून गेल्यासारखी. आजोबांचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. डोळ्यांत भिंगं नवी. दात वरचे आणि खालचे संपूर्ण नवे. कानात यंत्र. थोडक्यात, कारखान्यातून बाहेर पडले तेव्हाचा माल फारसा शिल्लक नाही. तरी दर नोव्हेंबरात ते हयातीचा दाखला द्यायला येतात. मी विचारतो, "काय आजोबा, बरं आहे ना?" ते म्हणतात, "आसं दिसतंय खरं." झालं! मी नवी नमुना सही घेतो, साहेब शिक्का मारतात आणि आजोबा पुढच्या नोव्हेंबरापर्यंत कायदेशीररीत्या जिवंत राहतात. 'मूळ उत्पादकाने नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत असे बदल आपल्या ठायी आढळून आल्याने आपली नोंदणी रद्द करण्यात येत आहे', असं पत्र आम्ही त्यांना धाडत नाही.

जीपला धाडतात.

ही माझ्या मनची गोष्ट नव्हे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कारखानदाराने गाडीचा जो तपशील मुळात दिला असेल, त्याच्याशी विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. गॅसचं किट बसवायचं असेल किंवा अपंग माणसासाठी गाडीत फेरफार करायचे असतील तर वाट ठेवलेली आहे, आणि ती ठेवली हे चांगलंच केलं. पण एरवी नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम असंच वाचलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन शिक्षा ठरली : सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. 'दर बदलामागे' हे शब्द वाचले आणि माझ्यातला बी.कॉम. दचकून जागा झाला. कारण आमच्या परसात उभ्या असलेल्या गाडीत बदल किती, हे मोजायचं धाडस मी तोवर केलेलं नव्हतं.

गाडी मुळात जीप. वेल्ह्याच्या अलीकडे एका शेतकऱ्याच्या पडवीत ती उभी होती आणि तिच्यात सात कोंबड्या सहकुटुंब राहत होत्या. मागच्या सीटवर खुडूक कोंबडी बसली असल्यामुळे सौदा एकवीस दिवस लांबला. तिची पिल्लं निघाली, आणि आम्ही जीप घेऊन निघालो.

महिंद्रांनी १९४७च्या सुमारास मुंबईत विलीज जीप जुळवायला सुरुवात केली, त्या घराण्यातली ही. आमच्या भोर-वेल्ह्याचा इतिहास राजांच्या घोड्यांनी घडवला हे सगळेच सांगतात, आणि ते खरंच आहे. पण एस.टी. जिथं वळायला भिते, तिथून पुढचा भूगोल ह्या जीपने सांभाळला हे कुणी सांगत नाही. दुधाच्या किटल्या, भाताची पोती, नवरा-नवरी आणि वऱ्हाड एकदम, आणि रात्री दोन वाजता अडलेली बाई. डोंगराच्या कुशीतल्या वाडीपासून दवाखान्याच्या पायरीपर्यंत जी काही आली ती वडापची जीप आली. त्या जिपांत मूळचं इंजिन किती जणींत होतं हे बाळंतिणीने विचारलं नाही.

तर ह्या जीपला आम्ही घरच्या घरी नवा देह द्यायचा ठरवला. 'आम्ही' म्हणजे मी आणि नसरापूरकडचे आमचे मिस्त्री. कामाची वाटणी स्पष्ट होती. मिस्त्रींनी काम करायचं आणि मी पाना धरून उभं राहायचं. त्यांनी मागितला तर तो द्यायचा. बहुधा ते दुसरा मागत. मिस्त्रींचं वय सत्तरीकडे झुकलेलं, शिक्षण चौथी, आणि हात असे की पत्र्यावर हातोडी बसली की पत्र्याला स्वतःचं भलं कळतं. त्यांच्या डोक्यात लहानपणापासून एक मोटार होती. त्यांच्या आजोबांनी म्हणे संस्थानाच्या काळात भोरच्या रस्त्यावर पाहिलेली. लांब नाकाची, फुगीर मडगार्डांची, पायरीची मोटार. संस्थान १९४८ साली विलीन झालं, मोटार कुठं गेली देव जाणे, पण तिचं वर्णन घराण्यात वारसाहक्काने उतरत आलं होतं. कुठली कंपनी, कुठलं मॉडेल, ठाऊक नाही. "साहेब, नाक असं," म्हणून मिस्त्री हवेत हात फिरवायचे. तोच आमचा नकाशा.

साडेतीन वर्षं लागली. पत्रा डांबराच्या पिंपांचा. डॅशबोर्ड भोरात पाडलेल्या एका वाड्याच्या दारातल्या सागवानाचा; त्यावर अजून कडी-कोयंड्याचं भोक आहे, तिथं आता पेट्रोलचा काटा बसवला आहे. पुण्याच्या नाना पेठेत आणि जुन्या बाजारात मी इतक्या वाऱ्या केल्या की आळंदी-देहूला केल्या असत्या तर घरच्यांनी पाया तरी पडू दिलं असतं. हेडलाइटचे डबे मनासारखे गोल मिळेनात. मिळाले ते आमच्याच घरात, पितळी तांब्यांच्या रूपाने. कुटुंबाने त्या दिवशी जी भाषा वापरली तिचा नमुना मी इथे जोडत नाही. मात्र गाडी रंगवून उभी राहिली तेव्हा शेजारणींना परसात आणून, "हे डावीकडचं भांडं माझ्या माहेरचं बरं का," असं तिनेच सांगितलं.

आता हिशेब. जीप ३८,००० रुपये. पत्रा, लेथ, वेल्डिंग, रंग, चहा मिळून सव्वा लाख. नाक, मडगार्डं, टप, दारं, पायरी, डॅशबोर्ड, दिवे, सीट, भोंगा, चाकं आणि मागची पेटी असे एकंदर बदल अकरा. अकरा गुणिले पाच हजार, बरोबर पंचावन्न हजार. म्हणजे जीपच्या खरेदीपेक्षा तिच्या सुधारणेचा दंड सतरा हजारांनी जास्त. वाणिज्य शाखेत आम्हांला घसारा शिकवला होता. कष्टाने किंमत वाढवली की दंडही वाढतो, ही नोंद कुठल्या खात्यात करायची ते कुणी शिकवलं नाही.

मी फोटो घेऊन एका कचेरीत गेलो. कुठल्या ते सांगत नाही, अजून जायचं आहे. खिडकीतल्या गृहस्थांनी फोटो पाहिला, कागद पाहिले, पुन्हा फोटो पाहिला.

"कागद जीपचे आहेत," ते म्हणाले. "ही जीप नाही."

"मग काय आहे?"

"ते ठरवायचं काम आमचं नाही."

"कुणाचं?"

"कारखानदाराचं."

"कारखानदार म्हणजे आमचे मिस्त्री."

गृहस्थ माझ्याकडे ज्या नजरेने पाहत राहिले, ती नजर मी ओळखतो. सही न जुळलेल्या माणसाकडे मी तशीच पाहतो. फरक इतकाच की मी त्याला पुढची खिडकी दाखवतो. इथे पुढची खिडकीच नव्हती. नवी गाडी बनवणाऱ्याने नमुना तपासून घ्यायचा असतो ती जागा आहे. पुण्यात वेताळ टेकडीवर ए.आर.ए.आय. ही संस्था १९६६ पासून आहे, भोरहून पन्नासेक किलोमीटर. पण तिथली नमुन्याची तपासणी म्हणजे हजारो गाड्या विकायला काढणाऱ्या कारखान्याच्या कामाची आणि त्याच्याच खिशाला झेपणारी. आमच्या मिस्त्रींना एकच गाडी बनवायची होती. एका लग्नासाठी मांडव पाहिजे आणि म्हणे अख्खं मंगल कार्यालय बांधून दाखवा!

बदलाचंच सरकारला वावडं आहे म्हणावं, तर तसंही नाही. २०२५ साली आमच्या शेजारच्या वेल्हे तालुक्याचं नाव राजगड झालं. उत्तम झालं, नाव शोभतं. पण मुळात नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत असा ह्याहून मोठा बदल कोणता? तालुका कुणी जप्त केला नाही. अख्ख्या तालुक्याची पाटी बदलते, आणि आमच्या जीपचं नाक बदललं तर सहा महिने आत.

आता कुणी म्हणेल, सरकारने जुन्या गाड्यांसाठी खास नियम केले आहेत की! केले आहेत. जुलै २०२१ मध्ये केंद्राने ते काढले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली गाडी, व्ही.ए. अशी अक्षरं असलेली पाटी, नव्या नोंदणीला २०,००० रुपये. अट एकच : गाडी मूळ रूपात पाहिजे. चासी, सांगाडा, इंजिन, कशालाही मोठा धक्का लागलेला नको. आणि ती रोज रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, असल्याच कामाला. म्हणजे गाडीने जगायचं, पण चालायचं नाही. देव्हाऱ्यातल्या टाकासारखं दिवाळीत घासून पुसून पाटावर बसायचं.

ह्या मूळ रूपवाल्या मंडळींशी माझं वैर नाही, पण त्यांचं माझ्याशी आहे. असे एक सद्गृहस्थ पुण्याहून आमची गाडी बघायला आले होते. हातात पांढरे मोजे. त्यांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि सुतक लागल्यासारखा चेहरा करून म्हणाले, "अहो, एका ओरिजिनल विलीजचा तुम्ही खून केलात!" मी म्हटलं, "खून झाला तेव्हा मयताच्या पोटात सात कोंबड्या होत्या." त्यांच्या मते ती तशीच गंजू द्यायला हवी होती, कारण गंज तरी ओरिजिनल होता. वेल्ह्याच्या पावसात पत्रा किती दिवस टिकतो ह्याचा त्यांना अनुभव नसावा. चार पावसाळे गेले असते तर मूळ रूपात फक्त कोंबड्या उरल्या असत्या.

खरं सांगायचं तर हाताने मोटार बांधणं हे आपल्या मराठी मुलखाचं जुनं वेड आहे. इचलकरंजीच्या शंकरराव कुळकर्ण्यांनी १९४९ साली 'मीरा' नावाची छोटी मोटार बनवली. इंजिनिअरिंगची पदवी नाही, मागे कुणी शेटजी नाही. एकामागून एक नमुने करत गेले. सामान्य माणसाला परवडेल अशी गाडी, हा ध्यास. १९७५ साली ती मुंबईत लोकांना दाखवलीसुद्धा. बाजारात मात्र ती कधी आली नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या : त्या गाडीला एम.एच.के. १९०६ असा नंबर मिळाला होता! घरी जन्मलेल्या मोटारीला सरकारने बारशाला निदान नाव तरी ठेवलं होतं.

त्याच मुलखात, सांगली जिल्ह्यात यशवंतरावांच्या देवराष्ट्र्याला, दत्तात्रय लोहार ह्यांनी भंगारातून छोटी जीप केली. खर्च साठ हजारांच्या आसपास, स्टेअरिंग डावीकडे, आणि मोटारसायकलसारखी किक मारली की सुरू. डिसेंबर २०२१ मध्ये तिची चित्रफीत देशभर फिरली. आनंद महिंद्रांनी जाहीर कौतुक केलं, आणि त्याच दमात खरं तेही सांगून टाकलं, की गाडी नियमांत बसत नाही, तेव्हा अधिकारी आज ना उद्या अडवणारच. ती मला द्या, बदल्यात बोलेरो घ्या. जानेवारी २०२२ मध्ये बोलेरो दारात आली. देणाऱ्याची दानत मोठी, त्याबद्दल दुमत नाही. अख्ख्या महाराष्ट्राने टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. पण टाळ्या थांबल्यावर माझ्या मनात आलं, हे कसलं बक्षीस झालं? एखाद्याने कविता केली म्हणून त्याला दुसऱ्याचा छापील कवितासंग्रह भेट द्यायचा, आणि त्याची वही कपाटात ठेवून द्यायची? त्या माणसाला मोटार हवी होती असं आपण धरून चाललो. त्याला मोटार करायची होती. ती त्याने केली, आणि ती रस्त्यावर चालवायला मात्र कुणी वाट काढली नाही. उद्योगपतीला बोलेरो देता येते, नंबर देता येत नाही. तो सरकारने द्यायचा असतो.

"पण सुरक्षिततेचं काय?" हा प्रश्न आता आलाच पाहिजे. येऊ द्या. तो एकच प्रश्न ह्या प्रकरणात खरा आहे, बाकीचे शाईचे आहेत. भोरहून महाडकडे वरंध घाटाने जो एकदा उतरला आहे, त्याला ब्रेकचं महत्त्व मी सांगायला नको. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि मध्ये पावसाने रस्त्याचा जेवढा भाग ठेवला असेल तेवढा. तिथं समोरून येणाऱ्या गाडीचे ब्रेक लागलेच पाहिजेत. मग ती गाडी कंपनीची असो की मिस्त्रींची. हे मला शंभर टक्के मान्य. पण ब्रेक लागतात की नाही, हे कळायला ब्रेक दाबून बघावे लागतात. कागदावर बोट ठेवून ते कळत नाही. कागद चोख आणि ब्रेक गायब अशा गाड्या मी रोज बघतो, तुम्हीही बघता. उलट आमच्या मिस्त्रींनी पहिलं काम काय केलं असेल तर ब्रेक. नाक-मडगार्ड नंतर. "आधी थांबता आलं पायजे साहेब, मग पळायचं बघू," हे त्यांचं वाक्य. कलम ५२पेक्षा आटोपशीर आहे, असं आपलं माझं मत.

आणि एक स्पष्ट करतो, नाहीतर भलतेच लोक माझ्या बाजूला येऊन उभे राहतील. रविवारी सकाळी तोरण्याच्या पायथ्याला आणि मढे घाटाच्या वाटेवर ज्या जिपा येतात, कमरेइतकी चाकं, कपाळावर आठ दिवे, आणि सायलेन्सर काढून टाकल्याने ज्यांचा आवाज राजगडावरच्या माणसालाही ऐकू जातो, त्यांचा वकील मी नाही. दिव्यांनी ते समोरच्याला आंधळा करतात, आवाजाने गुरं बुजवतात, आणि नाचणीच्या शेतात चिखल उडवून त्याला साहस म्हणतात. त्यांना दर बदलामागे पाच हजार लावाच. हवी तर बेरीज मी करून देतो. पण कायद्याच्या पुस्तकात तो आणि आमचे मिस्त्री एकाच ओळीत उभे आहेत, ही माझी तक्रार आहे. एकाने चांगली गाडी बिघडवली, दुसऱ्याने मेलेली गाडी उठवली. कागदावर दोघांचं एकच : सही जुळत नाही.

विलायतेत म्हणे ह्यावर साधी तोड आहे. तिथं घरी गाडी बांधणाऱ्यांची मोठी जमात आहे. माणूस गॅरेजात गाडी बांधतो, ती तपासणीला नेतो, आणि त्या एकट्या गाडीची तपासणी होते : ब्रेक, दिवे, स्टेअरिंग, धूर, कुठं टोकदार पत्रा बाहेर आलाय का. पास झाली की नंबर. जिचं मूळ सांगता येत नाही अशा जोडाजोडीच्या गाडीला तर 'क्यू' अक्षराची पाटीच वेगळी असते. पाटी बघितली की पोलिसाला कळतं, हिचे आईबाप अनेक आहेत. इंग्रजांचं आपण नको ते सगळं ठेवून घेतलं, त्यात ही एक पाटी जड झाली नसती.

म्हणून मागणी एवढीच आहे. दरवर्षी नोव्हेंबरात, पेन्शनरांच्या बरोबरीने, आमच्या गाडीलाही हयातीच्या दाखल्याला बोलवा. फी घ्या; पंधरा वर्षांपुढच्या मोटारीच्या फेरनोंदणीला एप्रिल २०२२ मध्ये ५,००० ठरवले होते, तेवढी आमचीही घ्या. ब्रेक दाबा, दिवे लावा, धूर मोजा. वेग चाळीसवर बांधून द्या, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर येऊ नका म्हणून सांगा, आम्ही कबूल आहोत. नापास झाली तर मी स्वतः तिच्यात कोंबड्या परत नेऊन ठेवतो. पण तपासा तरी! तोवर ती परसातच चालते. बावीस फूट पुढे, बावीस फूट मागे. रोज संध्याकाळी इंजिन गरम ठेवायला मी तिला दहा फेऱ्या मारतो. ह्या वेगाने भोरहून पुण्याला पोचायला मला एक वर्ष लागतं, आणि पोचलो तरी मी तुळशीवृंदावनापाशीच असतो.

घाई आहे ती माझ्यासाठी नाही. मिस्त्रींना आता एका डोळ्याने कमी दिसतं. त्यांचा मुलगा शिरवळकडे कारखान्यात लागला आहे, तिथं तो दिवसभर एकच बोल्ट आवळतो, आणि बापाचा हातोडा त्याने कधी उचललेला नाही. "काय करायचं शिकून," तो म्हणतो, "केलं तर पोलीस पकडत्यात." ह्यावर द्यायला माझ्याकडे उत्तर नाही. निदान एकदा तरी मिस्त्रींनी आपली मोटार भोरच्या राजवाड्यासमोरून, भर बाजारातून, खरा नंबर लावून न्यावी, असं मला फार वाटतं.

परवा मी त्यांना माझी सगळी योजना वाचून दाखवली. शेवटी लिहिलं होतं की तपासणी अंगणात नको. इन्स्पेक्टरसाहेबांनी स्वतः शेजारी बसावं आणि गाडी वरंध घाट उतरवून बघावी. मिस्त्रींनी विडी विझवली, बराच वेळ विचार केला, आणि म्हणाले,

"बसू द्या की त्यास्नी. ब्रेक लागतील, त्याची काळजी न्हाय. फकस्त आधी सांगून ठेवा, डाव्या बाजूचं दार आतनं उघडत न्हाय."